जुन्या कुंग-फू सिनेमांतली मारामारी अजून नजर का खिळवते?

प्रश्न: हाँगकाँगचे १९६० ते १९९० च्या दशकांतले कुंग-फूचे आणि तलवारबाजीचे सिनेमे आज पाहिले तर कथा साधी वाटते, डबिंग ओबडधोबड वाटतं, विनोदही बऱ्याचदा बाळबोध असतो. तरीही जगभरचे प्रेक्षक ते पुन्हा पुन्हा बघतात. हे निव्वळ स्मरणरंजन आहे की त्यात खरंच काही आहे? आणि ज्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही त्याने सुरुवात कुठून करावी?

उत्तर: मी चित्रपट संकलक आहे आणि हाणामारीचे प्रसंग जुळवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी एडिटिंग टेबलावरूनच बघणार. स्मरणरंजनाने या सिनेमांचं आयुष्य थोडंफार वाढवलं असेल. पण हे सिनेमे आले तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं माझ्याकडे सहायक म्हणून शिकायला येतात, आणि यातली एखादी मारामारी पडद्यावर सुरू असली की हातातलं काम बाजूला ठेवून बघत राहतात. त्यांना ना त्या काळाची आठवण असते, ना त्या नटांची ओळख.

माझ्या मते याचं मूळ कामाच्या पद्धतीत आहे. या सिनेमांतली मारामारी दिसते आणि कळते. कोण कुठे उभा आहे, त्याला काय साधायचं आहे, कुठला डाव फसला, पुढचा डाव त्याला का सुचला, हे सगळं एका शब्दाशिवाय समजतं. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटेल. ज्याने कधी मारामारीचा प्रसंग जोडून पाहिला आहे त्याला ती किती अवघड आहे हे माहीत असतं.

आज बऱ्याच ठिकाणी मारामारीचं शूटिंग कसं होतं ते आधी सांगतो. प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन-तीन कॅमेऱ्यांनी घेतात. मग तोच जवळून, तोच खांद्यावरून, तोच हातात धरलेल्या कॅमेऱ्याने. हा सगळा ढीग संकलकाकडे येतो आणि मारामारी खऱ्या अर्थाने तिथे, टेबलावर घडते. नट कच्चा असेल तर ते झाकण्यासाठी शॉट आणखी लहान करायचे, कॅमेरा हलता ठेवायचा, आवाज वाढवायचा. प्रेक्षकाला काहीतरी जोरदार चाललंय एवढं जाणवतं. काय चाललंय ते मात्र कळत नाही.

हाँगकाँगची रीत याच्या उलट होती. तिथला अ‍ॅक्शन दिग्दर्शक, म्हणजे मारामारी बसवणारा माणूस, प्रसंग आधीच डोक्यात कापून ठेवायचा. तीन ठोसे, एक हुकवणी आणि एक लाथ, एवढाच तुकडा एका कोनातून घ्यायचा. तो जमला की कॅमेरा हलवायचा आणि जिथे सोडलं बरोबर तिथून पुढचा तुकडा सुरू करायचा. प्रत्येक तुकड्याचा कोन त्या हालचालीकडे बघून ठरलेला असे. उंच जाणारी लाथ असेल तर कॅमेरा जमिनीलगत, काठीचा मोठा फेरा असेल तर लांब आणि जरा वर. हे काम फार हळू चालतं. एका मोठ्या मारामारीला कित्येक आठवडे जात. मोबदल्यात असं साहित्य हाती यायचं की त्यात फालतू शॉट सापडत नाही. मारामारी सुरू झाली की मूळ दिग्दर्शक बऱ्याचदा बाजूला होई आणि कॅमेरा कुठे लावायचा हे अ‍ॅक्शन दिग्दर्शकच ठरवी. ज्याला प्रत्येक पवित्रा ठाऊक आहे त्याच्याच हाती कॅमेराही होता. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

ही माणसं आली कुठून, हे पाहिलं की बाकीचं कोडं सुटतं. बरीचशी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी रंगनाट्याच्या, तालमीतून आली. हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन यांची चायना ड्रामा अकॅडमी होती. तिथे लहान मुलं राहायला असत आणि दिवसभर कोलांट्या, हातांवर उभं राहणं, शस्त्रांचे हात, गाणं आणि अभिनय असं सगळं एकत्र शिकत. शिस्त कडक होती, छडीचा मार रोजचा होता. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ, कोरी युएन हे सगळे तिथलेच. ऑपेराचा प्रेक्षक ओसरला तशी ही मुलं पोटासाठी स्टुडिओत स्टंटमन म्हणून शिरली. शरीर काहीही करू शकतं, स्टेजवर हजार डोळ्यांसमोर उभं राहायची सवय आहे आणि ताल अंगात भिनलेला आहे, अशा माणसांची एक अख्खी पिढी एकाच शहरातल्या सिनेमाला मिळाली. असा योग चित्रपटांच्या इतिहासात फार थोड्या वेळा आला आहे.

ऑपेराने या सिनेमाला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे थांबणं. ऑपेरात नट हालचालींची झड संपवून एका पवित्र्यात क्षणभर गोठतो. वाद्यं तिथे ठोका देतात आणि मग पुढची झड सुरू होते. कुंग-फू सिनेमात हेच जसंच्या तसं आलं. पाच-सहा वारांची सलग फैर, मग दोघंही ताणलेल्या अवस्थेत स्थिर, मग पुन्हा फैर. जोडताना या थांब्याची किंमत कळते. प्रेक्षकाच्या डोळ्याला झालेलं समजून घ्यायला आणि पुढचं काय असेल याचा अंदाज बांधायला थोडा वेळ लागतो. तो वेळ दिला की पुढची फैर दुप्पट वेगवान वाटते. सतत वेग ठेवला की काही वेळाने वेगच जाणवेनासा होतो.

वाराचं जोडकाम जरा जवळून सांगतो, कारण इथेच बरेच प्रसंग बिघडतात. समजा लांबच्या शॉटमध्ये लाथ छातीवर बसते आणि तिथून मी जवळच्या शॉटवर जातो. दोन्ही शॉट अगदी बरोबर त्याच क्षणी जोडले तर गणिताने ते अचूक असतं, पण पडद्यावर लाथ हलकी लागते. कारण नवं चित्र आलं की नजरेला जागा शोधायला दोन-तीन फ्रेम, म्हणजे फिल्मवरची दोन-तीन सुटी चित्रं, एवढा वेळ लागतो आणि नेमका आघात त्या दोन-तीन फ्रेममध्ये हरवतो. म्हणून जुने हाँगकाँगवाले दुसरा शॉट किंचित आधीपासून सुरू करायचे. आघात जेमतेम दोन-तीन फ्रेमपुरता दोनदा दिसतो. प्रेक्षकाला पुनरावृत्ती जाणवत नाही, त्याला फक्त वजन जाणवतं. जॅकी चॅन यांनीही हे तंत्र मुलाखतीत सांगितलं आहे. उलट आज पुष्कळदा आघाताच्या क्षणीच कट मारून तो क्षण गाळला जातो. पडद्यावर हात उगारलेला दिसतो, मग माणूस पडलेला दिसतो. मधलं काम आवाजावर सोपवलेलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'त्या काळी सगळं खरं होतं' असं म्हणणारे भेटतात. ते खरं नाही. नटांना हवेत उचलणाऱ्या तारा होत्या, ट्रॅम्पोलिन होत्या, उड्यांसाठी बदली स्टंटमन होते. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा २० फ्रेमने चालवून आणि पडद्यावर २४ च्याच वेगाने दाखवून हालचाल जलद केली जाई. कपड्यांवर बारीक पावडर टाकत, म्हणजे ठोसा बसला की धुरळा उडून वार डोळ्यांना दिसे. चित्रीकरणात आवाज बहुधा घेतलाच जात नसे. संवाद आणि ठोशांचे फटकारे सगळं नंतर भरलं जाई. तुम्हाला खटकणारं ओबडधोबड डबिंग त्यातूनच आलं. पण आवाज घ्यायचा नसल्यामुळे कॅमेरा कुठेही नेता येई आणि अ‍ॅक्शन दिग्दर्शक शॉट चालू असताना मोठ्याने आकडे मोजून नटांना ताल देऊ शके. मारामारीच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच होता. हे सगळे कावे हालचाल अधिक स्पष्ट दिसावी म्हणून वापरलेले होते, आणि म्हणूनच त्यांचा त्रास होत नाही.

आता खुद्द सिनेमांकडे येतो. मला सर्वांत जास्त शिकवलं ते लाउ कार-लुंग यांच्या कामाने. त्यांच्याकडे कुंग-फू घराण्यातून आलेलं होतं. वडील लाउ चाम हे लाम साई-विंग यांचे शिष्य, आणि लाम साई-विंग हे वाँग फे-हुंग यांचे शिष्य. वाँग फे-हुंग म्हणजे दक्षिण चीनमधले ख्यातनाम कुंग-फू गुरू आणि वैद्य, ज्यांच्यावर १९४९ पासून क्वान ताक-हिंग यांना नायक म्हणून घेऊन सिनेमांची मोठी मालिका निघाली. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या मोठ्या चित्रपट कंपनीच्या क्लिअरवॉटर बेमधल्या स्टुडिओत लाउ यांनी बरीच वर्षं दिग्दर्शक चांग चेह यांच्या सिनेमांतली मारामारी बसवली आणि १९७५ पासून स्वतः दिग्दर्शन करू लागले.

त्यांचा १९७८ चा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' घ्या. सूड घ्यायला निघालेला तरुण शाओलिन या कुंग-फूसाठी प्रसिद्ध बौद्ध मठात पोहोचतो आणि सिनेमाचा मधला मोठा हिस्सा त्याच्या शिकण्यातच जातो. गॉर्डन ल्यू यांची भूमिका आहे. पहिली परीक्षा जेवणाच्या खोलीत जाण्याची. वाटेत पाणी, पाण्यावर तरंगणारी लाकडांची मोळी, तिच्यावर पाय ठेवून पलीकडे जायचं. जोर दिला की मोळी बुडते आणि माणूस ओलाचिंब होतो. तो पडतो, पुन्हा पडतो, उपाशी राहतो, रात्री एकटा येऊन सराव करतो. पुढे पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या असतात, हात दोन्ही बाजूंना ताठ पसरलेले, आणि दंडाला पाती बांधलेली. हात जरा खाली आला की पातं बरगडीत रुततं. कॅमेरा इथे मुद्दाम थांबतो. खांद्याची थरथर दिसते, हात हळूहळू उतरताना दिसतो, पातं टोचल्यावर झटक्यात वर जाताना दिसतो. कोणी भाषण करत नाही. एकेका खोलीत एकेक अवयव घडतो: मनगट, डोळे, डोकं, पाय.

याचा परिणाम शेवटच्या मारामारीत दिसतो. तो काठी फिरवतो तेव्हा ते मनगट कुठून आलं हे आपल्याला माहीत असतं, कारण आपण ते घडताना पाहिलं आहे. आजच्या सिनेमात हे शिकणं गाण्याच्या एका कडव्यात उरकतात, आणि मग नायक जिंकला काय, हरला काय, मनाला फारसं लागत नाही. या सिनेमाचा शेवटही मला फार आवडतो. मठात ३५ खोल्या आहेत. तो सामान्य लोकांना शिकवण्यासाठी छत्तिसावी मागतो, आणि ती मठाच्या बाहेर उभी राहते.

लाउ यांचा १९७९ चा 'डर्टी हो' कमी लोकांनी पाहिला आहे आणि तो मला त्याहूनही प्रिय आहे. यात वेष पालटून फिरणारा राजपुत्र आहे, पुन्हा गॉर्डन ल्यूच. आपल्याला मारामारी येते हे त्याला लोकांपासून लपवायचं आहे. एका दर्दी माणसाकडे तो उंची मद्य चाखायला जातो. यजमान मारेकऱ्यांना सामील आहे. दोघंही टेबलाशी बसून मद्याचा गंध, चव, वय यावर अत्यंत सभ्य गप्पा मारत आहेत, आणि त्याच वेळी चषक पुढे करण्याच्या निमित्ताने बोटं डोळ्यांकडे जात आहेत, टेबलाखाली पाय पायाला अडवत आहेत. प्रत्येक वार पाहुणचार वाटला पाहिजे आणि प्रत्येक बचाव आभार वाटला पाहिजे. हा प्रसंग बघताना डोळे चेहऱ्यावरून हातांवर आणि हातांवरून पुन्हा चेहऱ्यावर धावत राहतात. शॉटची रुंदी अशी ठेवली आहे की हास्य आणि वार एकाच चौकटीत मावतात. तो कापून हास्य वेगळं आणि वार वेगळा दाखवला असता तर प्रसंग तिथेच मेला असता. मारामारी म्हणजे दोन माणसांमधला संवाद, हे वाक्य सगळेच म्हणतात. ते अक्षरशः खरं करून दाखवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता ब्रूस ली. त्यांच्याविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की मी संकलकाच्या नजरेला दिसणारं तेवढंच सांगतो. १९७१ ते १९७३ या काळात त्यांनी नायक म्हणून चार सिनेमे पूर्ण केले आणि २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या मारामारीत ऑपेराची झड नाही. बराच वेळ शांतता असते आणि मग एकच वार, तोही संपलेला दिसतो तेव्हा सुरू कधी झाला हे कळत नाही. असा नट असला की संकलकाने हात आवरता घ्यायचा असतो. त्यांनी स्वतः लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या १९७२ च्या 'द वे ऑफ द ड्रॅगन'मधली रोमच्या कलोसियममधली चक नॉरिसबरोबरची मारामारी बघा. तिचा बराचसा भाग हाँगकाँगमधल्या सेटवर घेतला आहे. सुरुवातीला दोघं अंग मोकळं करतात, सांधे मोडतात, एकमेकांकडे बघतात. ली आधी मार खातात. मग पायांची लय बदलतात, हलक्या उड्या मारत अंतर सतत बदलत ठेवतात आणि समोरच्याचे हिशेब चुकू लागतात. मारामारीच्या मधोमध माणसाने विचार बदलला हे फक्त पायांवरून कळतं, कारण पाय पूर्ण वेळ चौकटीत आहेत. आणि शेवटी मारलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर त्याचाच अंगरखा आणि पट्टा ते आदराने पांघरतात. खलनायकाला असा मान देणारे सिनेमे तेव्हाही थोडे होते.

ली यांच्या बाबतीत तंत्रापलीकडचं कारणही आहे आणि ते टाळून चालणार नाही. १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त परकीयांच्या तालावर चालणाऱ्या शांघायमध्ये एका बागेच्या दारावर चिनी माणसांना आणि कुत्र्यांना मज्जाव करणारी पाटी असते. ली ती हवेत लाथ मारून फोडतात. ज्याच्याजवळ पैसा नाही, बंदूक नाही, कायदा बाजूने नाही, त्याच्याजवळ शरीर आणि साधना आहे, आणि तेवढ्यावर तो उभा राहू शकतो. हे समजायला कुठली भाषा यावी लागत नाही. १९७३ साली अमेरिकेत कुंग-फू सिनेमांची लाट आली तेव्हा तिला शहरांमधल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी मोठ्या प्रमाणावर उचलून धरलं, आणि २० वर्षांनी, १९९३ मध्ये, न्यू यॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने आपल्या पहिल्याच अल्बमला शाओलिनच्या ३६ खोल्यांचं नाव दिलं. बोस्नियामधल्या मोस्तार शहरात युद्धानंतर दुभंगलेल्या दोन्ही बाजूंना आपला वाटेल असा कोण, याचा शोध घेत तिथल्या तरुणांनी २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रूस ली यांचा पुतळा उभारला. हाँगकाँगमधला पुतळा त्याच्या दुसऱ्या दिवशी उभा राहिला. ही गोष्ट मला आजही आतून हलवते.

इथवर मी पूर्ण शरीर, लांब शॉट, स्पष्टता याबद्दल बोललो. मग तलवारबाजीच्या सिनेमांचे दिग्दर्शक किंग हू यांचं काय? त्यांनी तर उलट केलं. १९७१ च्या 'अ टच ऑफ झेन'मधली बांबूच्या बनातली झुंज बघा. उडी दिसते ती तुकड्यातुकड्यांत: जमीन सोडणारा पाय, बांबूंमधून सरकून गेलेली आकृती, उतरणारं पातं. काही शॉट सेकंदाहूनही खूप लहान आहेत आणि मधल्या हालचाली सरळ गाळल्या आहेत. नजर कायम अर्धं पाऊल मागे राहते, आणि म्हणून ते योद्धे माणसाच्या आवाक्यापलीकडचे वाटतात. तरीही कुठेही गोंधळ होत नाही. का? कारण आकृती डावीकडून निघाली की पुढच्या शॉटमध्येही ती त्याच दिशेने जाते, नजरा एकमेकींना बरोबर भेटतात, आणि झुंजीच्या आधी बनाची जागा शांतपणे दाखवून ठेवलेली आहे. लहान शॉट हा दोष नव्हे, हे मी शिकणाऱ्यांना याच प्रसंगावरून सांगतो. किंग हू यांना काय गाळायचं आहे ते नेमकं ठाऊक होतं. या सिनेमाला १९७५ मध्ये कान महोत्सवात तंत्रकौशल्याचं पारितोषिक मिळालं. त्यांची मारामारी बसवणारे हान यिंग-चिए हेही पेकिंग ऑपेराचेच.

जॅकी चॅन आणि सॅमो हंग यांनी या सगळ्यात विनोद आणि दुखापत आणली. १९७८ च्या 'ड्रंकन मास्टर'नंतर चॅन यांचा नायक असा झाला की ज्याला लागतं. तो हात झटकतो, तोंड वेडंवाकडं करतो, पळतो, समोर येईल ती खुर्ची, शिडी, सायकल वापरतो. मूकपटांतले विनोदवीर बस्टर कीटन आणि हॅरल्ड लॉइड यांचं ऋण उघड आहे. १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून कनाती फाडत ते खाली पडतात, आणि सिनेमात ती पडझड दोनदा दाखवली आहे.

माझी आवडती मारामारी मात्र हंग यांनी दिग्दर्शित केलेल्या १९८४ च्या 'व्हील्स ऑन मील्स'मधली आहे. स्पेनमधल्या किल्ल्यात चॅन आणि बेनी उर्किडेझ, जो खरोखरचा किकबॉक्सिंग विजेता होता. एका लाथेच्या नुसत्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात. ती लाथ कोणालाही लागलेली नाही. पण त्या एका शॉटमुळे पुढची प्रत्येक लाथ किती जड आहे याचं माप आपल्याला मिळतं. पुढे चॅन मार खाऊन जरा बाजूला होतात, अंग सैल सोडतात आणि वेगळ्या लयीत परत येतात. पुन्हा तेच: मारामारीतलं वळण शरीरावर दिसतं.

धोक्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. १९८६ साली आलेल्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या चित्रीकरणात, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, चॅन झाडावरून पडले आणि कवटीला गंभीर दुखापत झाली. त्यांच्या सिनेमांच्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर फसलेले टेक येतात, त्यात पडणारी, विव्हळणारी, स्ट्रेचरवर नेली जाणारी माणसं दिसतात. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. तरी 'जीव धोक्यात घातला म्हणून सिनेमा महान' हे म्हणणं मला मान्य नाही. वर सांगितलेला मद्याचा प्रसंग टेबलाशी बसून केलेला आहे, मेणबत्त्यांचा शॉट जमिनीवर उभं राहून घेतला आहे, आणि लोक पुन्हा पुन्हा बघतात ते असे प्रसंग. ज्या स्टंटमनची नावंही श्रेयनामावलीत धड येत नव्हती त्यांचे मोडलेले हात-पाय कौतुकाच्या नावाखाली विसरू नयेत. आज सुरक्षेची साधनं आली आहेत, तार संगणकावर पुसता येते. ती वापरूनही मारामारी स्पष्ट दाखवता येते.

तसं करणारे आहेतच. १९९९ च्या 'द मेट्रिक्स'साठी हाँगकाँगचे अ‍ॅक्शन दिग्दर्शक युएन वू-पिंग यांना बोलावलं तेव्हा त्यांनी नटांना शूटिंगच्या आधी काही महिने तालीम दिली. त्यात नायकाचा स्टंट डबल असलेले चॅड स्टाहेल्स्की पुढे २०१४ च्या 'जॉन विक'चे दिग्दर्शक झाले, आणि तिथे पुन्हा लांब शॉट, पूर्ण शरीर दिसू लागलं. थायलंडचा २००३ चा 'ओंग-बाक', इंडोनेशियाचा २०११ चा 'द रेड' हेही याच वाटेने गेले.

दोष? आहेत. खलनायक एकसुरी असतात, जपानी पात्रं बहुतेक वेळा क्रूर एवढीच असतात, बऱ्याच सिनेमांत स्त्रियांना वाचवून घेण्याखेरीज काम नसतं. मात्र शेवटच्या बाबतीत हा सिनेमा समजतात त्यापेक्षा पुढे होता. १९६६ च्या 'कम ड्रिंक विथ मी'ची नायिका चेंग पेई-पेई नृत्य शिकलेल्या होत्या, आणि सरायीत टेबलाशी शांत बसून गुंडांना तोंड देणारी त्यांची तलवारबाज स्त्री आजही तितकीच रुबाबदार वाटते. अँजेला माओ, कारा हुई, मिशेल यो ही रांग तिथून पुढे जाते. कारा हुई यांना तर 'माय यंग आंटी'साठी पहिल्याच हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला, तोही मारामारीच्या सिनेमातल्या भूमिकेला.

आता सुरुवात कुठून करायची. एक गोष्ट आधी तपासा: सिनेमा पूर्ण रुंदीत आहे का. शॉ ब्रदर्सचे सिनेमे रुंद पडद्यासाठी, साधारण २.३५ ला १ या प्रमाणात काढलेले होते. व्हिडिओ कॅसेटच्या काळात त्यांच्या दोन्ही बाजू कापून ते जवळजवळ चौकोनी पडद्यात कोंबले गेले, म्हणजे चित्राचा ४० टक्क्यांहून अधिक भाग गेला. वार करणारा चौकटीत आणि वार खाणारा बाहेर, अशी गत. पुष्कळांनी हे सिनेमे असेच पाहिले आणि वाईट ठरवले. २००० नंतर सेलेस्टियल पिक्चर्सने शॉ ब्रदर्सचा संग्रह घेऊन शेकडो सिनेमे स्वच्छ केले. त्याच प्रती शोधा. इंग्रजी डबिंगपेक्षा मूळ मँडरिन किंवा कँटोनीज आणि खाली सबटायटल्स हे केव्हाही बरं.

पहिला 'थर्टी-सिक्स्थ चेंबर' बघा, कारण तो शिकवतो की बघायचं काय. मग 'द वे ऑफ द ड्रॅगन', मग 'व्हील्स ऑन मील्स'. यात रस वाटला तर 'डर्टी हो' आणि 'अ टच ऑफ झेन'. 'अ टच ऑफ झेन' तीन तासांचा आहे आणि सुरुवातीचा बराच वेळ त्यात तलवार निघतच नाही, त्यामुळे त्याला एखादी निवांत दुपार द्या. १९९१ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना'मधली जेट ली यांची शिड्यांवरची मारामारी आणि १९९४ च्या 'ड्रंकन मास्टर २'चा शेवट हे त्यानंतर.

आणि यातला कुठलाही प्रसंग आवडला तर तो दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. तेव्हा नायकाकडे बघू नका, मार खाणाऱ्याकडे बघा. तो वार येण्याआधी किंचित अंग कसं तयार करतो, पडताना तोल कुठे सोडतो, आणि उठून पुन्हा बरोबर आपल्या जागी कसा येतो. मारामारी जमते ती निम्मी त्याच्यामुळे.